‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा भाग जोखायचा कसा? नव्याने पाहणाऱ्यांसाठी

जर्सी सिटीत राहायला आले त्या वर्षी सोमवारी ऑफिसात जेवायच्या वेळी एक विषय हमखास निघायचा: शनिवारचा ‘एसएनएल’ कसा झाला? (म्हणजे ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’, शनिवारी रात्री थेट होणारा विनोदी स्किट्सचा अमेरिकी कार्यक्रम. दर भागाला होस्ट म्हणून नवा पाहुणा असतो.) कुणी म्हणायचं, ‘सुरुवात यथातथाच, पण बारानंतर रंगला.’ कुणी म्हणायचं, ‘एवढा चांगला होस्ट वाया घालवला.’ मीही दीड तास जागून तो पाहिलेला असायचा आणि माझं मत काय, तर ‘तीनदा हसले’. त्यातलं एकदा तर बाकीचे हसले म्हणून. या संकोचापायी एक वही घातली. सध्या चौथी चालू आहे. मुंबईतली माझी मामेबहीण अलीकडे हा कार्यक्रम पाहू लागली आणि तिने विचारलं, ‘ताई, यात चांगलं-वाईट ठरवायचं कशावरून?’ तिला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगितलेलं इथे ओळीने लिहिते.

एक गोष्ट आधी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही या भागाचे पहिले परीक्षक नसता. त्याच रात्री दहाच्या सुमारास पडद्यामागे त्याचा एक निकाल लागलेला असतो: कुठलं स्किट उडालं, कुठलं वर सरकलं, कुठलं शेवटी ढकललं. आपण जे करतो ती फेरतपासणी.

काय काय लागेल

- कार्यक्रम पाहायची सोय. अमेरिकेत एनबीसी वाहिनी किंवा तिचं स्ट्रीमिंग, पीकॉक. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होतो आणि एकला संपतो. २०१७पासून पश्चिम किनाऱ्यावरही त्याच क्षणी, म्हणजे तिथल्या साडेआठला दिसतो. भारतात तेव्हा रविवारची सकाळ असते: इकडे अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केलेली असतील तर नऊ, नाहीतर दहा. बरीचशी स्किट्स नंतर कार्यक्रमाच्या यूट्यूब वाहिनीवर सुटी-सुटी येतात.
- वही आणि पेन. फोनवर टिपणं करू नका. हात फोनला लागला की स्किट गेलंच.
- त्या आठवड्याच्या अमेरिकी बातम्यांची दहा मिनिटं. नुसते मथळे पुरतात.
- होस्ट कोण आणि या आठवड्यातच का, याची माहिती. बहुतेकदा त्याचा सिनेमा येत असतो.
- सबटायटल्स, पण जपून. लाइव्ह कार्यक्रमात ती दोन-चार सेकंद मागून येतात. पंच कानावर पडतो तेव्हा डोळे मागच्या वाक्यावर असतात आणि मग वाटतं, टायमिंगच चुकलं. उच्चार कळू लागले की बंद करा.

१. आधी आठवडा समजून घ्या

मराठी प्रेक्षक म्हणून आपल्या डोक्यात ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारखा साचा असतो: स्किट चित्रित होतं, संकलन होतं, मग घरी पोचतं. इथे मधली पायरी नाही. सोमवारी होस्टसमोर कल्पना मांडल्या जातात. मंगळवारी लेखक रात्रभर जागून लिहितात. बुधवारी सगळे टेबलाभोवती बसून चाळीसेक संहिता वाचतात आणि त्यातून मोजक्या निवडल्या जातात. मग ब्रुकलिनमध्ये सेट बांधायला घेतात, पुनर्लेखन चालू राहतं, तालमी सुरू होतात. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. ती मुद्दाम लांब असते. त्यातली काही स्किट्स पडणार हे ठरलेलंच असतं. तालीम संपते आणि तो पहिला निकाल लागतो. निर्माता लॉर्न मायकल्स यांचं म्हणणं सगळीकडे सांगितलं जातं: कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून होतो.

मी एकदा स्टँडबायच्या रांगेत उभी राहून या रंगीत तालमीला शिरकाव मिळवला. कार्यक्रमाचा स्टुडिओ ८एच टीव्हीवर वाटतो त्याहून बराच लहान. ऑर्केस्ट्रा-संचालक तोस्कानिनीच्या एनबीसी ऑर्केस्ट्राचे रेडिओ कार्यक्रम याच खोलीतून व्हायचे. त्या रात्री मला सगळ्यात जास्त हसवणारं स्किट साडेअकराच्या कार्यक्रमात नव्हतंच. घरी येऊन टीव्ही लावला, एक वाजेपर्यंत वाट पाहिली, नाहीच. तेव्हापासून मी वहीत प्रत्येक स्किटपुढे घड्याळातली वेळ लिहिते. त्याचा उपयोग सातव्या पायरीत.

२. पहिली सात-आठ मिनिटं: नक्कल की विडंबन?

भाग शीर्षकाआधीच सुरू होतो. याला कोल्ड ओपन म्हणतात. बहुतेकदा राजकारण असतं आणि शेवटी कुणीतरी कॅमेऱ्याकडे वळून ‘लाइव्ह फ्रॉम न्यूयॉर्क, इट्स सॅटरडे नाइट!’ अशी आरोळी ठोकतं.

सापळा असा की आपण नकलेला गुण देऊन मोकळे होतो. केसांचा टोप हुबेहूब, आवाज हुबेहूब, दहापैकी नऊ! पण नकलेतून काही म्हटलंय का? सप्टेंबर २००८मध्ये टीना फे पहिल्यांदा सॅरा पेलिन (त्या वर्षीची रिपब्लिकन पक्षाची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार) झाली तेव्हा चेहऱ्यातलं साम्य थक्क करणारं होतंच. पण स्किट उभं राहिलं ते तिच्या शेजारी एमी पोहलरची हिलरी क्लिंटन उभी होती म्हणून. एकीने उभी हयात पणाला लावून न मिळालेलं दुसरीला अलगद मिळू पाहतंय, आणि दोघी एकाच पोडियमवरून स्त्री-पुरुष भेदभावाचा निषेध करताहेत. हिलरीच्या दातओठ खाण्यात सगळं म्हणणं आलं. नक्कल काढून टाकली तरी उरतं ते विडंबन.

उलट, आठवड्याभराच्या बातम्या एकापाठोपाठ एक पात्रांच्या तोंडी घातल्यात आणि टाळ्या फक्त ‘अरे, हा कोण आला बघ’ यासाठी पडताहेत, असं दिसलं तर अर्धे गुण कापा. अशी ओपनिंग बरीच येतात. आपल्याला न आवडणाऱ्या नेत्याला धुतलं म्हणून मात्र गुण वाढवू नका. मी २०१६च्या निवडणुकीच्या वर्षी तेच केलं. त्या पानांवरचे आकडे आज वाचवत नाहीत.

३. मोनोलॉग: फार खोलात जाऊ नका

मोनोलॉग म्हणजे शीर्षकानंतर होस्ट प्रेक्षकांशी बोलतो तो भाग. होस्ट स्टँड-अपवाला असेल तर तो घरच्या मैदानावर असतो, म्हणून कसून तपासा. जानेवारी २०१७मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी अझीझ अन्सारी उभा राहिला. आईवडील तमिळनाडूतले, दक्षिण आशियाई वंशाचा हा पहिला होस्ट. त्याने नुसता माइक हातात धरून नेहमीपेक्षा किती तरी लांब मोनोलॉग केला आणि तो पेलला. नट किंवा खेळाडू असेल तर मात्र एवढंच पाहा: घाबरलाय का, आणि स्वतःवर हसायला तयार आहे का? पुढच्या तासाचा अंदाज त्यावरून येतो.

इथेच क्यू कार्डांचा, म्हणजे कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या वाक्यांच्या कार्डांचा, प्रश्न येतो. नटांची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला जाते आणि पाठांतरावर वाढलेल्या आपल्या नाट्यवेड्या मनाला ते खुपतं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच भागाला ‘वाचून दाखवताहेत’ म्हणून टीव्ही बंद करायला लावला होता. पण वाक्यं साडेअकरापर्यंत आणि कधी कधी त्यानंतरही बदलत असतात. हाताने लिहिलेली ती मोठी कार्डं नसतील तर कार्यक्रमच होणार नाही. नजर जाते म्हणून गुण कापू नका. समोरच्या नटाचं वाक्य ऐकल्याशिवायच उत्तर आलं, तर कापा.

४. स्किट: चार प्रश्न

खरं परीक्षण इथे आहे. प्रत्येक स्किटला मी चार प्रश्न विचारते.

एक: विनोदाचं बीज कधी कळलं? पहिल्या पाऊण मिनिटात ‘यात गंमत कशाची आहे’ हे कळायला हवं.

दोन: ते वाढलं का? तोच विनोद त्याच पट्टीत पुन्हा आला की स्किट बसतं. एप्रिल २००० मधलं काउबेलचं स्किट बघा. बँडचं रेकॉर्डिंग चाललंय. निर्माता झालेल्या क्रिस्तोफर वॉकेनला सगळं पसंत आहे, फक्त गुराच्या गळ्यातली ती घंटा अजून जोरात हवी. एवढंच बीज. पण दर खेपेला विल फेरेल घंटा थोडी जास्त बडवतो, बाकीच्यांच्या जवळ सरकतो, आखूड शर्टातून पोट थोडं जास्त डोकावतं. वॉकेन मात्र तितकाच गंभीर. वाढ एका बाजूने, ठेहराव दुसऱ्या बाजूने. हे पाहिल्यावर वाढ न होणारं स्किट चटकन ओळखू येतं.

तीन: होस्ट वापरला की नुसता उभा केला? तीन स्किट्समध्ये तो ‘साधा माणूस’ असेल आणि आजूबाजूचे विचित्र, तर लेखकांना त्याच्यावर भरवसा नव्हता. ऑफिसातलं ते ‘होस्ट वाया घालवला’ म्हणजे हेच, हे मला दोन वर्षांनी कळलं.

चार: संपलं कसं? इथे जरा सैल हात ठेवा. बतावणी असो की एकांकिका, आपल्याला शेवटी टोला हवा असतो. इथली स्किट्स पुष्कळदा नुसती विरतात. कॅमेरा मागे जातो, बँड वाजू लागतो, टाळ्या. हे त्यांचं जुनं दुखणं आहे आणि तिथले प्रेक्षकही त्यावर कुरकुरतात. शेवट पडला तर एक गुण कापा, जास्त नको. शेवट जमला तर मात्र दोन वाढवा.

यापलीकडे वहीत एक उभी रेघ मारा. डावीकडे ‘जमलं नाही’, उजवीकडे ‘मला कळलं नाही’. बाहेरून आलेल्या प्रेक्षकासाठी ही रेघ बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची. ‘द कॅलिफोर्नियन्स’ नावाची स्किट्स मी सुरुवातीला रद्दड म्हणून खोडली होती: सोनेरी केसांची श्रीमंत माणसं भावनिक प्रसंगाच्या ऐन मध्यात एकमेकांना कुठला रस्ता घेतला ते सांगत बसतात. मग लॉस एंजेलिसला चुलतभावाकडे गेलो. दार उघडल्या-उघडल्या त्याने ‘४०५ महामार्गाने आलात? का?’ असं विचारलं आणि मी तिथेच पायऱ्यांवर बसून हसले. उजव्या रकान्यातली स्किट्स गुणांत धरू नका. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारा.

५. नट हसला, तर?

नव्या प्रेक्षकांना हे फार आवडतं आणि म्हणूनच फसवतं. २००४मधलं डेबी डाउनरचं (सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारी बाई) डिस्ने वर्ल्डमधल्या जेवणाचं स्किट असं कोसळलं की डेबी झालेल्या रेचल ड्रॅचला स्वतःचीच वाक्यं पुरी करता येईनात. खळखळून हसवणारं आहे, वादच नाही. पण नट हसल्याने स्किट चांगलं ठरत नाही. चांगलं स्किट हातातून निसटलं तर त्याची मजा दुप्पट होते, एवढंच. माझी कसोटी अशी: हसणारा हसू दाबायचा जिवापाड प्रयत्न करतोय का? करत असेल तर एक गुण जास्त. प्रेक्षकांकडे तिरका डोळा टाकून हसत असेल तर शून्य. स्किटमध्ये सारखं हसू फुटणाऱ्या जिमी फॅलनच्या काळातली स्किट्स पाहून बघा. माझे-तुमचे गुण जुळायचे नाहीत.

‘वीकेंड अपडेट’ या खोट्या बातम्यांमधलं स्टेफॉन हे पात्र वेगळा मामला. ते करणाऱ्या बिल हेडरला हसवायचंच म्हणून लेखक जॉन मुलेनी ऐन वेळी कार्डावरची वाक्यं बदलायचा. तिथे हसू हाच खेळ होता, त्याला पूर्ण गुण.

६. चित्रित तुकडे, गाणी, बातम्या

चित्रित तुकडे वेगळ्या पानावर लिहा. २००५च्या डिसेंबरात अँडी सँबर्ग आणि मंडळींचा ‘लेझी संडे’ इंटरनेटवर पसरला, तेव्हापासून या तुकड्यांचं महत्त्व फार वाढलं. त्यांना संकलन मिळतं, पुन्हा चित्रीकरणाची मुभा मिळते. लाइव्ह स्किटशी त्यांची तुलना म्हणजे सिनेमाची नाटकाशी. एखाद्या भागात फक्त चित्रित तुकडेच भावले असतील तर तशी नोंद करा, कारण मग तो भाग लाइव्ह म्हणून फसलेला असतो.

पाहुणा गायक दोन गाणी म्हणतो. चहा टाकून घ्या. माझ्याकडे त्याला गुणच नाहीत.

‘वीकेंड अपडेट’ म्हणजे मध्यावरच्या खोट्या बातम्या. २०१४पासून कॉलिन जोस्ट आणि मायकल चे टेबलामागे आहेत. इथे विनोद एका-दोन वाक्यांत आटोपतो, म्हणून चार प्रश्न विसरा आणि खुणा करा: हशाला टिंब, प्रेक्षकांच्या ‘ओऽह’ला आडवी रेघ, न कळलेल्याला गोल. ‘ओऽह’ म्हणजे विनोद पडला असं समजू नका. पुष्कळदा तेच हवं असतं, विशेषतः मायकल चे याला. रेघा टिंबांहून जास्त झाल्या तरी चालेल. गोल जास्त झाले तर पुढच्या आठवड्यात बातम्यांना दहाऐवजी वीस मिनिटं द्या.

७. बारानंतरचं घड्याळ

आता त्या वेळांच्या नोंदी काढा. मोनोलॉगनंतरचं पहिलं स्किट म्हणजे निर्मात्यांचा सगळ्यात भरवशाचा माल. बातम्यांनंतर उतरण सुरू होते. एकला दहा मिनिटं कमी असताना येणाऱ्या स्किटला तिथे ‘टेन-टू-वन’ असंच नाव आहे. जे विचित्र आहे, सगळ्यांना पचेलसं नाही, पण कुणाला तरी मनापासून हवं आहे, ते तिथे जातं.

आता तुम्ही ताशेरे मारू शकता. पावणेबाराचं स्किट तुमच्या वहीत तीनवर आणि बारा पन्नासचं आठवर असेल, तर रात्री दहाचा निकाल तुमच्या मते चुकला. हे वाक्य वहीत लिहायला मला सर्वांत आवडतं. पण पाच-सहा भाग सलग पाहिल्याशिवाय लिहू नका. सुरुवातीला मला विचित्र ते सगळंच थोर वाटायचं. एकला दहा कमी असताना झोपाळू मेंदू फार उदार असतो.

नव्या नटांबाबतही घड्याळ उपयोगी पडतं. शीर्षकात ‘फीचरिंग’नंतर ज्यांची नावं येतात ते उमेदवारीतले. त्यांना अख्ख्या रात्रीत एक वाक्य मिळालं असेल तर ‘निष्प्रभ’ म्हणू नका, ‘संधी नाही’ म्हणा.

८. बेरीज

सरासरी काढू नका. सात स्किट्सना प्रत्येकी सहा मिळालेला भाग मला दोन दिवसांत आठवेनासा होतो. चार पडली, दोन मध्यम आणि एक असं की पुढची पाच वर्षं सांगत राहाल, तो भाग चांगला. म्हणून सर्वांत वरच्या स्किटचे गुण दुप्पट धरते, दुसऱ्याचे एकपट आणि बाकीच्यांचे अर्धे. मग होस्टसाठी पाचपैकी आणि बातम्यांसाठी पाचपैकी. गणित अडाणी आहे, पण दर आठवड्याला तेच वापरलं की तुलना होते.

अंतिम आकडा रविवारी लिहा. त्याआधी वरची दोन स्किट्स पुन्हा पाहा. दुसऱ्यांदा न टिकणारं बरंच असतं. रंगीत तालमीत कापलेली काही स्किट्स ‘कट फॉर टाइम’ म्हणून यूट्यूबवर येतात, तीही पाहा. फक्त यूट्यूबच्या तुकड्यांवरून भागाला गुण मात्र देऊ नका. पडलेली स्किट्स कुणी शोधून पाहत नाही, त्यामुळे तुकड्यांतून पाहिलेला प्रत्येक भाग थोर वाटतो. जुने भाग स्ट्रीमिंगवर पाहणाऱ्यांनीही जपावं. गाण्यांच्या हक्कांपायी त्यातले पुष्कळसे छाटलेले असतात.

९. सरावाला एक भाग

१३ एप्रिल २०२४, होस्ट रायन गॉसलिंग. माझं पान उतरवून देते, तुमचं शेजारी ठेवा.

‘ओपनिंग: केट मॅकिनन परत, परग्रहवासीयांनी पळवून नेलेल्यांची चौकशी. राजकारण नाही, हायसं वाटलं. गॉसलिंग २०१५मध्येही या स्किटला हसलेला, आजही. दाबतोय, म्हणून +१. मोनोलॉग: गातो, एमिली ब्लंट येते, ठीक. एआयवरच्या गंभीर चर्चेचं स्किट: प्रेक्षकांत बसलेला एक माणूस एका कार्टूनमधल्या पात्रासारखा दिसतो, मग दुसराही. कार्टून माहीत नाही, तरी नऊ. हायडी गार्डनर वळून त्या दुसऱ्याचा, म्हणजे मायकी डेचा, चेहरा पाहते आणि संपतेच. +१. बातम्या: बायकांच्या खेळांवर विनोद करणाऱ्या मायकल चेकडून बास्केटबॉलवाली केटलिन क्लार्क स्वतः लिहिलेले विनोद वाचून घेते. खेळातलं काही कळत नाही, पण चेचा चेहरा कळला.’

कार्टूनच्या ओळीवर मी आधी गोल काढला होता, मग खोडला. माझ्या मामेबहिणीनेही तोच भाग पाहून मला पान पाठवलं. तिच्याकडे एआयच्या स्किटला चार आहेत आणि शेजारी लिहिलंय, ‘सगळे हसताहेत म्हणून हसले’. तिचा गोल अजून तसाच आहे.